पंचमावर सगळे एकदम

बॅगपाइप एकट्यानं शिकता येतो, पाइप बँड एकट्यानं शिकता येत नाही. वाक्य सोपं आहे, पण ते पोरांना पटवायचं तर त्यांना काही दिवस एका छताखाली झोपवावं लागतं. म्हणून मे महिन्यात शाळा सुटल्या की आम्ही निवासी शिबिर भरवतो. पलटणीच्या बँडमध्ये पाइप वाजवून नोकरी पुरी केली आणि मी सुरतेच्या भेस्तानला येऊन राहिलो. तापीकाठच्या रेल्वेनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून उधन्याला उतरलेली आणि मग आजूबाजूला पसरलेली ही खानदेशी वस्ती. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. शिबिराला येतात त्यातल्या बऱ्याच पोरांचे बाप संचाखात्यात, म्हणजे लूमवर, बारा तासांची पाळी करतात.

नव्या पोराला पहिल्याच दिवशी पिशवी काखेत हवी असते. मी ती कपाटात ठेवतो. हातात मिळतो प्रॅक्टिस चँटर, म्हणजे पिशवीविना नुसती बोटांची नळी. ड्रमवाल्यांनाही ड्रम मिळत नाही, रबराचा पॅड आणि दोन काठ्या मिळतात. मग कुरकुर सुरू होते. पण या वाद्याचा स्वभावच असा आहे की बोटं आधी तयार लागतात. बासरीत फुंक थांबवली की सूर थांबतो, सनईत जीभ लावून सूर तोडता येतो. पाइपमध्ये पिशवीतली हवा सतत वाहते, मध्ये थांबा नाही. लहान-मोठा आवाजही नाही, लागेल तो एकाच जोराचा. मग ‘सा सा’ असं दोनदा वाजवायचं कसं? दोन ‘सा’च्या मध्ये दुसऱ्या सुराचा निमिषभर चटका द्यायचा. त्याला आम्ही ग्रेस नोट म्हणतो. ऐकणाऱ्याला तो सूर वेगळा ऐकू येत नाही, त्याला फक्त ‘सा’ तुटल्याचं कळतं. चाल सोपी असते, सगळी मेहनत या चटक्यांची. त्यातला एक जरी आळसला तरी गाणं चिकटतं.

चँटरवर सूर नऊच. खाली मंद्रातला कोमल निषाद, मग सा, रे, ग, म, प, ध, पुन्हा कोमल निषाद आणि वरचा सा. हार्मोनियमवाल्याला सांगायचं तर खमाज थाट, आणि सा काळी पाचच्या किंचित वर. शुद्ध निषाद या नळीत नाहीच. त्यामुळे कुणी नवं गाणं आणलं की मी आधी ते गुणगुणून त्यात शुद्ध निषाद कुठं येतो ते शोधतो. आला तर गाणं बाजूला, नाहीतर तेवढी जागा बदलून घ्यायची. खांद्यावरच्या तीन नळ्या म्हणजे ड्रोन. दोन टेनर खालच्या सप्तकातला षड्ज धरतात, बास त्याच्याही खालचा. सनईच्या जोडीत एक वादक नुसता सूर धरून बसतो, ते काम इथं या तिघी करतात.

निवासी शिबिराचं खरं कारण मात्र हवा आहे. चँटरची रीड नळाच्या दोन पातळ पत्त्यांची. ऊन चढलं की सूर चढतो, फुंकेतली ओल बसली की पत्तीचा स्वभाव बदलतो. ड्रोनही हलतात, पण चँटरइतके नाही. म्हणजे सकाळी जुळवलेला पाइप दुपारी स्वतःशीच भांडतो. सुरतेच्या मे महिन्यात हवेत दमटपणा इतका की लाकूडही फुगतं. सांध्यांना गुंडाळलेला सणाचा दोरा एक वेढा कमी करावा लागतो, आणि डिसेंबरात तोच वेढा पुन्हा चढवावा लागतो. घरी संध्याकाळी तासभर वाजवणाऱ्या पोराला यातलं काही कळत नाही. त्याला एकाच वेळेचा पाइप ठाऊक असतो. शिबिरात आम्ही उजाडताच वाजवतो, पत्रा तापल्यावर वाजवतो, दिवेलागणीला वाजवतो, आणि प्रत्येक वेळी सगळे पाइप नव्यानं एका सुरात आणतो. ड्रोनचा वरचा सांधा बाहेर ओढला की सूर उतरतो, आत सारला की चढतो. एखादा सूर हट्टानं चढा राहिला तर त्या भोकाच्या वरच्या कडेला इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवायची. स्कॉटलंडच्या नामांकित बँडांतही हीच टेप असते हे सांगितलं की पोरांना बरं वाटतं.

एक धिप्पाड पोरगा पिशवीशी झटत होता. “दादा, फुगसच नही!” तो ओरडला. पिशवी ठणठणीत होती. तो फुंकताना हातानं दाबत होता आणि श्वास घेताना हात सैल सोडत होता. करायचं नेमकं उलट. फुंकताना हात सैल, श्वास घेताना दाब. दाब जरा डगमगला तरी सूर डगमगतो. डांगात आणि जव्हार-डहाणूकडे तारपा वाजवणारे हेच काम पिशवीविना करतात. भोपळ्याच्या त्या वाद्यात ते नाकानं श्वास घेत तोंडानं फुंकत राहतात आणि सूर तुटू देत नाहीत. आमच्या पोरांना मी तारपा मुद्दाम ऐकवतो. बॅगपाइप म्हणजे गोऱ्यांचं काहीतरी, हा समज तिथंच ओसरतो.

ड्रमवाल्यांची गंमत वेगळी. लूमच्या खटखटीत वाढलेल्या पोरांची लय पक्की असते, पण हात जड. ताशाची सवय असलेला तर साइड ड्रमवर काठी आपटतो. पाइप बँडच्या साइड ड्रमची कातडी इतकी ताणलेली असते की काठी आपटावी लागत नाही, टाकली की उसळते. ती उसळी मोजून वापरणं म्हणजे रोल. आणि बँडची सुरुवात रोलवरच टांगलेली असते. ‘तेज चल’चा हुकूम झाला की ड्रमचे दोन रोल, प्रत्येकी तीन पावलांचे. पहिल्या रोलला पाइपर पिशवीवर थाप मारतो आणि ड्रोन जागे होतात. दुसऱ्या रोलला सगळे चँटर एकदम पंचमावर येतात. मग चाल. एक जरी पोरगा आधी किंवा नंतर आला तर रस्त्यावरच्या माणसालाही कळतं. मी पोरांकडून गाण्यापेक्षा ही सुरुवात जास्त वेळा करून घेतो.

एकत्र राहून शिकण्याची ही रीत जुनी आहे. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर बोररेगला मॅक्रिमन घराण्याकडे पाइपर राहायला जात. कागदावर काही नसे. गुरू सुरांना अक्षरं देऊन चाल गाऊन दाखवायचा आणि शिष्य ती अक्षरं पाठ करायचा. तबल्याचे बोल पाठ केलेल्याला यात नवल वाटणार नाही. आपल्या सैन्यात बँडवाल्यांच्या शिक्षणासाठी सातपुड्यातल्या पचमढीला 1950 साली मिलिटरी म्युझिक विंग सुरू झाली. तिथंही वादक एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकत्र सूर जुळवतात. आमच्या शिबिराला त्यांची सर नाही, पण उस्तादांनी मला शिकवलं ते मी त्याच क्रमानं शिकवतो. आधी तोंडानं म्हणायचं, मग चँटरवर, मग पिशवी.

पालक विचारतात, याचं पुढं काय? सैन्यात, पोलिसांत बँड असतात, शाळांना 26 जानेवारीला वादक लागतात, हे मी सांगतो, पण नोकरीचं वचन देत नाही. शिबिर संपल्यावर काय होतं ते मात्र मला नक्की माहीत आहे. एकटा पोरगा घरी जाऊन महिनाभर चँटर वाजवतो. शेजारी वैतागतात, रीड फाटते, आणि नळी माळ्यावर जाते. चुकलं हे सांगायला कुणी नसतं, जुळलं हे कळायलाही कुणी नसतं. म्हणून आता नाव नोंदवताना माझी एकच अट असते. एका गल्लीतून एक पोरगा मी घेत नाही. दोघं आले तरच घेतो, आणि त्यातला एक ड्रमवाला असेल तर फी निम्मी.