दर्याची मर्यादा

लहानपणी दसऱ्याला आमच्याकडे सोनं समुद्रावरून यायचं. आपटा नवापूरच्या किनाऱ्याला कुठला? पण वाळूत पसरलेल्या मर्यादवेलीचं पान टोकाला तसंच दुभंगलेलं. आम्ही पोरं ती पानं ओच्यात भरून आणायचो. देठाचा चीक फ्रॉकला लागला की डाग कायमचा, आणि आईचं बोलणं पुढच्या दसऱ्यापर्यंत.

फुलांना मात्र कुणी हात लावत नसे. जांभळ्या भोंग्यासारखं ते फूल सकाळी उघडतं नि दुपारी मान टाकतं. देवघरापर्यंत न टिकणाऱ्या फुलाला विचारतो कोण? वेल कुणी लावलेली नव्हती, कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती. तरी तिच्यावर राखण होती. बोंबील वाळत घालता घालता आजी ओरडायची, "पोरी, वेल ओढू नको. दर्या आत येल!"

मला तो धाक वाटायचा, पोरांना घालायचा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं, आजी सरळ माहिती सांगत होती. ही वेल पेऱ्यापेऱ्याला मूळ धरत वाळू शिवत जाते. उडती वाळू तिच्यात अडकते आणि टेकाड वाढतं. तिचं बी खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने तरंगून दुसऱ्या किनाऱ्याला रुजतं. लिनियसने १७५३ साली तिच्या नावात शेळीचा खूर घातला. त्याला पानात खूर दिसला, आम्हाला सोनं!

केळव्याला सुरूचं बन आहे. सावली छान, वारा अडतो, मीही तिथे डबा खाल्लाय. पण सुरू मूळचा परमुलखातला, आणि त्याच्या सुयांसारख्या काड्यांच्या थरात फूल शोधत बसावं लागतं. लावलेलं झाड लोकांना दिसतं. आपणहून आलेल्या वेलीवरून गाड्या जातात.

लग्नानंतर बोईसरला तिसऱ्या मजल्यावर आले तेव्हा तिचा एक तुकडा कुंडीत लावला. पानं भरपूर आली, वेल ग्रिलमधून खाली लोंबली, पेऱ्यांची मुळं हवेत चाचपडत राहिली. चार वर्षांत एक फूल नाही. शेवटी कुंडी घेऊन नवापूरला गेले, वाळूत उपडी केली. मुळांनी कुंडीचाच गोल आकार धरला होता. तो बोटांनी मोकळा केला, वर वाळू ओढली.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा सगळीकडे फुलं होती. त्यातली माझी वेल कुठली, ते काही ओळखता आलं नाही.