समुद्र मलाही पाहायचा होता

मैत्रिणींनो, सहलीला निघताना तुम्ही कुकर बरोबर घेता का? तीन वर्षांपूर्वी मी घेतला होता. कुकर, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा आणि पाच किलो कणीक! न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून सव्वाशे मैलांवर, अटलांटिकच्या काठी केप मे नावाचं टुमदार गाव आहे. तिथं आठवडाभरासाठी घर भाड्यानं घेतलं होतं. स्वयंपाकघर असलं की बाहेरच्या जेवणाचा खर्च वाचतो, हा माझाच हिशेब.

हिशेब चुकला नाही. पण परतताना गाडीत धाकटीनं विचारलं, “आई, सूर्य वर यायचा तेव्हा तू का नसायचीस?” मी गप्पच झाले. आपल्या कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, इथं तो समुद्रातून उगवतो. मुलं आणि हे रोज पहाटे तो सोहळा पाहून येत. आणि मी? ती मंडळी परततील तेव्हा पोहे तयार हवेत म्हणून कांदा चिरत असे. मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं हं! पण ‘तूही चल’ असं कुणाला सुचलं नाही, आणि ‘मीही येते’ असं मला म्हणवलं नाही.

यंदा सासूबाई भारतातून आल्या. त्यांचं सारं आयुष्य हर्णैला गेलेलं. “तुमच्याकडचा समुद्र दाखव गं एकदा,” म्हणाल्या. पुन्हा केप मे ठरलं. या वेळी मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन नीट बसले.

तुमची लेक, भाची तिकडे असेल, तर माझी टिपणं तुमच्याही उपयोगी पडतील. जूनमध्ये तिथलं पाणी अंगावर काटा येईल इतकं गार असतं. ऑगस्टमध्ये ते सुखाचं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर भाडी उतरतात, पण शाळा सुरू होतात. म्हणून आम्ही ऑगस्टचा शेवट धरला. ऐन हंगामात घरं बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. चादरी-टॉवेल घरात आहेत की आपण न्यायचे, हे आधीच विचारावं. जिनेही विचारावेत! १८७८ च्या मोठ्या आगीनंतर बांधलेल्या नक्षीदार लाकडी घरांचं हे गाव. १९७६ साली सबंध गावालाच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना त्या मानाचं काय? आम्ही तळमजला घेतला. हंगामात वाळूवर जायला मोठ्या माणसांना विकतचा बिल्ला लागतो, तोही खर्चात धरावा. आणि मुलांना बजावावं, की जीवरक्षक असतील तिथंच पाण्यात उतरायचं. पाणी आत ओढू लागलं तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं.

शेवटी मी कामाचा तक्ता केला. सकाळचा चहा-नाश्ता यांच्याकडे, भांडी मुलांकडे, संध्याकाळचं जेवण एक दिवसाआड बाहेर.

“सुटीत कसलं वेळापत्रक?” हे म्हणाले.

“सुटी तुम्हाला होती. माझी नुसती बदली झाली होती, या ओट्यावरून त्या ओट्यावर!”

बोलून गेले खरी, पण सासूबाई समोरच बसलेल्या. आता काय म्हणतील, या धास्तीनं मी मान खाली घातली. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हर्णैला जन्म काढला. पण समुद्र पाहिला तो बंदरावर मासळी आणायला जाताना. नुसती बसून कधी पाहिलाच नाही. काही न करणाऱ्यांत माझंही नाव घाल.”

पहिल्याच पहाटे आम्ही दोघी शाल पांघरून वाळूवर बसलो. पाण्यातून लाल गोळा वर आला तसे सासूबाईंनी हात जोडले. घरी आलो तर पोहे खारट! निमूटपणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी बरे झाले.

संध्याकाळी गावापासून दोन-तीन मैलांवरच्या सनसेट बीचवर गेलो. तिथं डेलावेअरची खाडी पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यात मावळताना दिसतो. “हा आपला, ओळखीचा!” सासूबाई म्हणाल्या. तिथं गारेचे पारदर्शक खडे सापडतात, त्यांना ‘केप मे डायमंड’ म्हणतात. त्यांनी दोन वेचले आणि एक माझ्या हातावर ठेवला.

तो खडा आता माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी असतो. मैत्रिणींनो, समुद्र अटलांटिकचा असो की अलिबागचा, सामानाची यादी करायला बसाल तेव्हा कुकरच्या आधी स्वतःचं नाव लिहा. घरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितलं की बहुतेकदा कळतं.