मग काय झालं?

'दवाखान्यात का नाही गेलात?' असं विचारलं की गावातली बाई 'पैसे नव्हते' म्हणते आणि मोकळी होते. ते खोटं नसतं, पण विचारणाऱ्याला पटेल असं बेतलेलं असतं. 'का' म्हटलं की माणूस सफाई देऊ लागतो. म्हणून आरोग्याच्या अभ्यासासाठी मुलाखत घेताना मी शेवटच्या दुखण्यापासून सुरुवात करते. आधी कुणाच्या कानावर घातलंत? मग काय झालं? गाडीभाडं कुणी दिलं? त्या दिवशी घरात स्वयंपाक कुणी केला? या वाटेनं गेलं की हळूहळू कळतं : धान विकून पैसे आले होते, पण ते दिराकडे होते, आणि असलं दुखणं दिराला सांगणार कसं?

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांनी तक्रार सांगितली. तपासणीत स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले ९२ टक्के जणींना. पूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. मुलाखत घेणाऱ्यानं हे आकडे पाठ करावेत. 'काही त्रास आहे का?' या प्रश्नाला आलेलं 'नाही' किती पोकळ असू शकतं, ते त्यातून कळतं. अंगावरून पांढरं जाणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं मानणारी त्याला त्रासात धरतच नाही. तिला पाळीतल्या कामाबद्दल, रोवणीत दिवसभर वाकून राहण्याबद्दल विचारावं लागतं. तरीही काही गोष्टी तपासणीशिवाय कळत नाहीतच. मुलाखतींवर भिस्त ठेवणाऱ्या आम्हा गुणात्मक संशोधकांना हे कबूल करायला जरा जड जातं.

एकांताचं सांगायचं तर नैतिकता समितीच्या अर्जात तो एका ओळीत मिळतो. एका खोलीच्या घरात सासू दारातच बसलेली असते. मी आधी तिचीच मुलाखत घेते, तिच्या बाळंतपणांसकट, आणि मनापासून. एकदा तिचं ऐकून झालं की पुष्कळदा ती आपणहून उठते. नाही उठली, तर सुनेला नाजूक काही विचारत नाही.

नवी माहिती यायची थांबली की मुलाखती थांबवाव्यात, असं पुस्तकं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. सगळ्याजणी सारखंच बोलायला लागल्या की बहुधा मी सडकेलगतच्या घरांतूनच फिरत असते. अशा वेळी गावातल्या घरांची यादी घेऊन तिथल्या आरोग्यसेविका आशाताईंजवळ बसते आणि विचारते, 'ताई, यातलं कुठलं घर तुम्ही मला अजून दाखवलं नाहीत?'