बुधवारचें जेवण

जेवल्यावांचून समाजसेवा होत नाहीं काय, असा प्रश्न परवां आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस केला. त्यांचा रोंख आमच्या बुधवारच्या जेवणावर होता. धाराशिव जिल्ह्यांतल्या एका तालुक्याच्या गांवीं जें सेवा-मंडळ आहे, त्याचे आम्ही पुष्कळ वर्षांचे सभासद. दर बुधवारीं दुपारीं एक वाजतां वीस-पंचवीस मंडळी एका खानावळीच्या माडीवर जमतात. अध्यक्ष घंटा वाजवितात, मागल्या सभेचा वृत्तान्त वाचला जातो, उशिरा येणारास दहा रुपये दंड होतो, आणि मग ज्वारीची भाकरी, आमटी व शेंगदाण्याची चटणी यांच्या साक्षीनें लोकसेवेची चर्चा चालते. "गुरुजी," आमचे स्नेही म्हणाले, "तुमच्या कार्यांत भाकरी पुष्कळ आणि कार्य थोडें!"

आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांतून जाईना.

वास्तविक हा प्रघात मूळचा आमचा नव्हे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं शिकागो शहरांत पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें तिघां जणांची गांठ घातली. त्यांतला एक कोळशाचा व्यापारी, दुसरा खाणींचा इंजिनियर व तिसरा शिंपी होता. हॅरिसचें बालपण लहानशा गांवांत गेलेलें. एवढ्या अफाट शहरांत तो जिव्हाळ्याच्या माणसाला भुकेलेला होता. ही मंडळी आळीपाळीनें एकमेकांच्या कचेरींत जमूं लागली, म्हणून मंडळास 'रोटरी' हें नांव पडलें. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, येथें स्नेह आधीं झाला आणि सेवा मागाहून आली. शहरांत सार्वजनिक शौचगृहें व्हावींत ही त्यांची खटपट १९०७ सालची. पुढें १९१९ सालीं ही चाल कलकत्त्यास व १९२९ सालीं मुंबईस पोंचली, आणि तिच्या धर्तीवर लहानमोठीं मंडळें गांवोगांव निघालीं. आमचें मंडळ त्यांतलेंच एक.

तरी पण एकत्र जेवण्याचें मोल आम्हांस शिकागोनें शिकवावें, असें मुळींच नाहीं. हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीची पंगत ज्यानें पाहिली आहे, त्याला हें सांगावयास नको. कोणाची विहीर आटली, कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाचें कोणाशीं बोलणें बंद आहे, हें पंगतींत जितकें कळतें, तितकें चावडीवर कळत नाहीं. आणि कळलेलें पुढें उपयोगीं पडतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपति बोळवून लोक गाढ झोंपले असतां भूकंप झाला, आणि लातूर जिल्ह्यांतलें किल्लारी व आमच्या जिल्ह्यांतलें सास्तूर हीं गांवें क्षणांत दगडमातीचे ढीग झालीं. आमच्या मंडळांतले एक वृद्ध डॉक्टर त्या दिवसाविषयीं सांगतात: "उजाडतांना मला कोणाला विचारावें लागलें नाहीं. मालमोटार कोणाची, डिझेल कोणाकडे, कापडाचे तागे कोण काढून देईल आणि कोण नुसतें बोलेल, हें सारें आमच्या बुधवारांनीं शिकवून ठेविलें होतें." दुपारच्या आंत त्यांच्या दोन गाड्या सास्तुरास पोंचल्या होत्या.

स्नेह्यांना हेंच उत्तर द्यावें, असें आमच्या मनांत होतें. परंतु एक बुधवार असा आहे कीं, तो आठवला म्हणजे आमची ही सारी वकिली लंगडी पडते.

२०१६ सालचा उन्हाळा होता. शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागत होतें. आमच्या मंडळानें एका खेड्यांतल्या जुन्या विहिरीचा गाळ काढण्याचें मनावर घेतलें. तीन बुधवार चर्चा झाली, वर्गणी जमली, ठराव एकमतानें संमत झाला. इतक्यांत आमच्या पेल्यांत पाणी ओततां ओततां वाढपी हळूच म्हणाला, "गुरुजी, त्या हिरीचा गाळ काढून उपेग न्हाई. झराच न्हाई तिला. माझ्या आज्यानं खांदलेली हाय ती. पाणी वड्याच्या अंगाला हाय."

"तुम्हांला कसें ठाऊक, मामा?"

"गावच हाय माझं, गुरुजी."

माडीवर कोणी बोलेना. चौदा वर्षें आम्ही या माणसाच्या हातचें जेवत होतों. कोणाला भाकरी कडक लागते, कोणाला तिखट सोसत नाहीं, डॉक्टरांना भात किती, हें सर्व त्याला पाठ होतें. आणि त्याचें गांव कोणतें, हें आम्हां पंचविसांपैकीं एकालाहि ठाऊक नव्हतें. तीन बुधवार त्याचेंच गांव आमच्या तोंडीं होतें, आणि तो आमच्या पाठीशीं तांब्या घेऊन उभा होता! जेवणानें माणसें कळतात, हा आमचा सिद्धान्त खोटा नव्हता. परंतु बसलेलीं तेवढींच कळतात, ही त्याची मर्यादा आम्हांस त्या दिवशीं उमगली.

ठराव फिरविला. पैसा ओढ्याकडेच्या नव्या विहिरीला लागला, आणि तिला पाणीहि लागलें. पुढल्या बुधवारीं आम्हीं एक खुर्ची अधिक मांडली. मामा कांहीं केल्या बसेना. "तुमची पंगत उठूं द्या आधी," तो म्हणाला, "वाढणारा मागनंच बसतो." रीत आपलीच, आणि सुंदरहि, पण तिच्याच आधारानें आपण किती माणसांना किती वर्षें उभें ठेविलें, हा हिशेब कोणत्याहि वृत्तान्तांत येत नाहीं.

म्हणून स्नेह्यांना आम्ही एवढेंच सांगूं कीं, आमचें जेवण फार होत नाहीं. तें अपुरें होतें.

त्या दुपारीं सभा उठल्यावर आम्ही व डॉक्टर मागें राहिलों. मामा पानावर बसला, आणि आम्हीं वाढावयास घेतलें. भाकरी त्याला मऊ आवडते कीं कडक, हें आम्हांला विचारावें लागलें.