अभय आणि औषध

लीळाचरित्रातील सशाची लीळा मराठीच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावी लागत नाही. पारध्यांपासून आणि त्यांच्या कुत्र्यांपासून जीव वाचवत आलेला एक ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली दडतो. पारधी त्याला मागतात, स्वामी त्यांना समजावतात आणि अखेरीस ससा मोकळा होतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ग्रंथातील हा प्रसंग नांदेडच्या महाविद्यालयात मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. माहूर याच जिल्ह्यातले असल्याने महानुभाव वाङ्मय आमच्या विद्यार्थ्यांना परके वाटत नाही. शरण आलेल्याला अभय द्यावे, हा या लीळेचा गाभा त्यांना चटकन उमगतो. अलीकडे मात्र ती शिकवताना मी एका प्रश्नापाशी थबकतो. कुत्रे दाराबाहेर उभे असतील तर अभय पुरेसे असते. पण शत्रू सशाच्या नाकातच वस्तीला असेल तर करुणेने नेमके काय करायचे?

या प्रश्नामागे लातूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे असलेली कापशी नावाची ससुली आहे. वजन जेमतेम दीड किलो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती शिंकू लागली. घरात कोणाला सर्दी झाली की आपण आल्याचा चहा करतो आणि विसरून जातो. तसे इथे करता येत नव्हते. ससा प्रायः नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदले की तोंड उघडून निभावून नेण्याची सोय त्याला नाही, आणि तोंड उघडून धापा टाकणारा ससा हा संकटाच्या टोकाला पोहोचलेला ससा असतो. शिवाय, ज्याची शिकार होते तो प्राणी आजार लपवतो. कापशीचे दुखणे तिच्या चेहऱ्यावर दिसलेच नाही. ते दिसले पुढच्या पायांवर. नाक पुसून पुसून पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून त्यांच्या जटा झाल्या होत्या. माझ्या भाचीने हे प्रथम ओळखले. ‘मामा, ही हातानं नाक पुसते,’ असे तिने फोनवर सांगितले. निदानाची पहिली ओळ ती होती.

इथे आपल्या भाषेचा एक प्रश्न उभा राहतो. ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या प्राण्यांसाठी वापरतो. चंद्राला शशांक करणारा, पंचतंत्रात सिंहाला विहिरीत लोटणारा, न्यायशास्त्राला ‘शशविषाण’ हे अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे उदाहरण पुरवणारा शश म्हणजे आपल्या माळरानावरचा रानससा. ‘ससेहोलपट’ झाली ती त्याचीच, आणि लीळाचरित्रातला ससाही तोच. त्याची पिल्ले डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन उघड्यावर जन्मतात. पिंजऱ्यातला पांढरा ससा मूळचा युरोपातला; बिळात, आंधळा आणि उघडा जन्मणारा. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने या दोघांची जातीच काय, प्रजातीही वेगळी आहे. भाषेने दोघांना एका नावात बसवले म्हणून साहित्याचे फारसे बिघडले नाही. औषधाच्या बाबतीत मात्र असा ढोबळपणा जीवावर बेतू शकतो.

बहीण जवळच्या औषधाच्या दुकानात गेली, तेव्हा दुकानदाराने लहान मुलांना देतात ते अ‍ॅमॉक्सिसिलिनचे गुलाबी, गोड औषध पुढे केले. ‘लेकराला चालतं, तर सशाला का नाही?’ या त्याच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, मायाच होती. पण ससा म्हणजे आखूड हातपायांचे लेकरू नव्हे. त्याच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर अंधनाल नावाची मोठी पिशवी असते आणि तिच्यातल्या असंख्य जिवाणूंवर त्याचे सारे पचन अवलंबून असते. गाय-म्हैस चारा पोटाच्या पहिल्या कप्प्यात आंबवते, तर ससा तो शेवटी आंबवतो आणि त्यातून तयार झालेल्या मऊ लेंड्या स्वतःच खाऊन पोषण पुरे करतो. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे तोंडावाटे गेली की या वस्तीतले उपकारक जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी जिवाणू माजतात आणि ससा सर्दीने न मरता अतिसाराने मरतो. त्याला उलटीही करता येत नाही. गिळलेले परत फिरत नाही.

याहून विलक्षण गोष्ट अशी की पेनिसिलिनच्या जन्मकथेत ससा हजर आहे. फ्लेमिंग यांनी १९२९च्या आपल्या निबंधात बुरशीचा अर्क सशाच्या शिरेत टोचल्याचे व त्याला विषबाधा न झाल्याचे नोंदवले होते. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये जंतुसंसर्ग केलेल्या आठ उंदरांपैकी औषध मिळालेले चार जगले आणि उरलेले चार मेले. या प्रयोगांत गिनीपिग नव्हते, हे मानवजातीचे नशीब म्हणावे लागेल. पेनिसिलिन गिनीपिगला घातक ठरते हे १९४३मध्ये प्रसिद्ध झाले. ते आधी कळले असते तर कदाचित औषधच मागे पडले असते. औषध एकच, पण ते शिरेतून गेले की तोंडातून, आणि कोणाच्या तोंडातून, यावर त्याचा अर्थ बदलतो. संदर्भ बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे आपण वर्गात रोज सांगतोच.

सशांच्या या सर्दीमागे अनेकदा असणारा जिवाणू म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. लुई पाश्चर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा जिवाणू कोंबड्यांच्या कॉलऱ्यालाही कारण होतो. ऑस्ट्रेलियात सशांनी शेती फस्त केली, तेव्हा १८८७मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने उपायासाठी २५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. कोंबड्यांच्या याच रोगाने ससे मारावेत असे पाश्चर यांनी सुचवले आणि १८८८मध्ये आपले सहकारी तिकडे पाठवले. परवानगी मात्र मिळाली नाही. ज्या जिवाणूने ससे संपवायचे ठरले होते, त्याच्याशी लातूरच्या एका घरात दीड किलोच्या जीवासाठी लढाई चालू होती.

मराठवाड्याचे पशुवैद्यक लाल कंधारी आणि देवणी गोवंशाच्या, उस्मानाबादी शेळीच्या आधाराने वाढले, आणि ते रास्तच होते. इथले संसार या जनावरांवर उभे आहेत. सशाचा नंबर त्यांत फार मागे लागतो. उदगीरला १९८७पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकलेले एक डॉक्टर बहिणीला भेटले. त्यांनी प्रथम गुलाबी बाटली बाजूला ठेवली. नाकातल्या स्रावाचा नमुना तपासणीला पाठवला, कारण कोणते औषध कोणत्या जिवाणूवर लागू पडते हे अंदाजाने ठरवणे म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू पोसणे. अहवालानंतर एन्रोफ्लॉक्सॅसिन सुरू झाले. सशाला ते तोंडावाटेही सोसते, पण मात्रा वजनावरूनच काढायची. कापशीला त्यासाठी भाजीच्या तराजूत बसवावे लागले. औषध चालू असताना खाणे थांबता कामा नये, कारण सशाचे आतडे थांबले तर जंतूंपूर्वी तेच त्याला नेते. धूळ झटकलेले लांब गवत समोर ठेवायचे आणि लेंड्या मोजायच्या. मुताच्या वासाने श्वसनमार्ग होरपळतो, म्हणून पिंजरा रोज धुवायचा.

हे सारे तीन आठवडे चालले. चौथ्या दिवशी शिंका कमी झाल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांना औषध बंद करावेसे वाटले. भाचीने भिंतीवरच्या कालनिर्णयवर चौकटी आखल्या होत्या. त्या भरल्याशिवाय ती ऐकेना. सकाळी शाळेपूर्वी एक, संध्याकाळी दिवेलागणीला एक. अभय एका क्षणात देता येते. औषध मात्र बारा-बारा तासांनी, समोरच्याची इच्छा नसताना, त्याची नखे हातावर झेलत द्यावे लागते. कापशीला ही करुणा कळत नव्हती. टॉवेलात गुंडाळणारे हात तिच्या दृष्टीने पारध्याचेच होते. कृतज्ञतेची अपेक्षा न ठेवता करायच्या गोष्टींत आजारी जनावराची सेवा फार वर धरावी लागेल.

कापशी बरी झाली, असे आम्ही म्हणतो. डॉक्टर तसे म्हणत नाहीत. हा जिवाणू बहुधा पुरता जात नाही. नाकाच्या पोकळ्यांत दडून राहतो आणि थंडीने, धुळीने, भीतीने किंवा लातूरच्या मे महिन्यातल्या उकाड्याने प्राणी खचला की पुन्हा डोके वर काढतो. तेव्हा त्यांचा शब्द होता, ‘सध्या शांत आहे.’ लीळेतल्या सशाला पारध्यांपासून सोडवले की तो रानाचा होता. पिंजऱ्यातल्या सशाला सोडायला रानच नाही. त्याला आपणच युरोपातून आणले, बाजारात मांडले आणि घरी नेले. म्हणून त्याच्या बाबतीत दया हा उदार मनाचा अलंकार उरत नाही. त्याचे आतडे कसे चालते हे ठाऊक असणे हे पाळणाऱ्यावरचे ऋण होते.

आता ती लीळा शिकवून झाल्यावर मी विद्यार्थ्यांना विचारतो, ‘या सशाला सर्दी झाली असती तर?’ वर्ग आधी हसतो. मग एखादी मुलगी, बहुधा शेळ्या असलेल्या घरची, विचारते, ‘सर, पण त्याचं वजन किती होतं?’