मागची बाजू

बाबांसोबत मी 'जोधा अकबर' किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब नाही. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही नाही. ते पाहूच देत नाहीत. हृतिक रोशन काहीतरी महत्त्वाचं बोलत असतो आणि बाबा म्हणतात, "थांब. जरा मागं घे." मी मागे घेतो. "हां. ती कमान बघ, डावीकडची. कमान कसली बघतोस, तिच्या वरची वेल बघ."

मी वेल बघतो. दोन सेकंदांत कॅमेरा पुढे जातो. बाबा म्हणतात, "परत."

आमचं गाव चौक फाट्यापासून आत आहे. तालुका खालापूर. नितीन चंद्रकांत देसाईंचा एन. डी. स्टुडिओ आमच्याच तालुक्यात, पण सगळं जग त्याला 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणतं. लहानपणी मला याचा राग यायचा. आमच्या वाट्याला एकच प्रसिद्ध गोष्ट आली होती आणि तिच्यावरही शेजारच्या तालुक्याचं नाव! आता वाटतं, ज्या जागी आग्र्याचा किल्ला उभा राहिला, तिथे कर्जत की खालापूर हा वाद घालायचा तरी कशाला?

स्टुडिओ २००५ साली सुरू झाला. त्याआधी बाबा पावसाळ्यात भात करायचे आणि उरलेले आठ महिने पनवेल-खोपोलीच्या बिल्डिंगांमध्ये पीओपीचं काम. फॉल्स सीलिंग, गुलाबाची फुलं, कोपऱ्यातल्या पट्ट्या. गावातला एक सुतार त्यांना स्टुडिओत घेऊन गेला. तिथेही काम पीओपीचंच होतं. आधी मातीत नक्षी कोरायची, तिच्यावरून साचा काढायचा, साच्यात पीओपी ओतायचं, मजबुतीसाठी मधे काथ्या घालायचा, सुकलं की उचलायचं. एका साच्यातून पन्नास खांब. मग पेंटर येऊन त्यांचा लाल दगड करायचे. बाबा म्हणतात, बिल्डिंगमध्ये काम करताना लोक विचारायचे, "टिकेल ना?" इथे कोणी विचारलं नाही. इथे विचारायचे, "सकाळपर्यंत होईल ना?"

मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांनी मला एकदा सेट दाखवायला नेलं होतं. समोरून पाहिलं तेव्हा खरंच वाटलं की आपण किल्ल्यात आलोय. मग ते मला मागे घेऊन गेले. मागे बांबू, प्लाय, सुतळ्या, वाळूच्या गोण्या, एक पंखा आणि जेवणाचे डबे. मी म्हणालो, "हे तर खोटं आहे." बाबा हसले नाहीत. म्हणाले, "पुढचं खोटं आहे. हे खरं आहे."

त्यांना त्यात काही मोठं म्हणायचं नव्हतं. डबा तिथे ठेवला होता, आम्ही बसून जेवलो.

देसाईंचा प्रवास मला पुढे कॉलेजात कळला, इंटरनेटवर. जन्म १९६५ चा. जे. जे. मध्ये कलेचं शिक्षण. १९८७ च्या सुमारास 'तमस' मालिकेसाठी नितीश रॉय यांच्या हाताखाली सुरुवात, मग 'चाणक्य'. १९९४ चा '१९४२: अ लव्ह स्टोरी', ज्यात डोंगरातलं एक अख्खं जुनं गाव उभं राहिलं. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान', 'देवदास', या चारही चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट कला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. 'लगान'मधलं चांपानेर गाव त्यांनी भुजजवळ माळरानावर उभं केलं. 'देवदास'मधल्या पारोच्या हवेलीला लाखाहून जास्त रंगीत काचा लागल्या असं सांगतात. 'कौन बनेगा करोडपती'ची ती निळी, गोल, घाबरवणारी जागासुद्धा त्यांचीच. आपल्या पिढीनं इतिहास पुस्तकात कमी आणि अशा सेटवर जास्त पाहिलाय. अकबराचा दरबार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आग्रा येत नाही, चौक येतं.

मराठी सिनेमाला हे नवं नाही. तो चित्रकारांच्याच हातून घडला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमाकडे आले. त्यांच्याच कंपनीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात'मध्ये 'संत तुकाराम' करून गेले. पण दामले-फत्तेलाल यांची नावं आपल्याला माहीत असली, तरी प्रभातच्या सेटवर देहूची भिंत कोणी लिंपली हे कोणाला माहीत आहे? मला नाही.

२००८ मध्ये देसाईंनी 'राजा शिवछत्रपती' ही मालिका काढली, स्टार प्रवाहवर. अमोल कोल्हे महाराजांच्या भूमिकेत. ती आमच्या गावात वेगळ्याच पद्धतीनं पाहिली जायची. आजूबाजूच्या गावांतली पोरं गर्दीत मावळे म्हणून जायची. त्यामुळे लढाई सुरू झाली की घराघरांतून आवाज यायचे, "तो बघ आपला!" कोण जिंकलं याकडे कुणाचं लक्षच नसायचं. बाबा मात्र तटबंदीकडे बघत बसायचे.

मग मी इंजिनिअरिंगला नवी मुंबईत गेलो, नोकरी लागली, आणि बाबांच्या कामाकडे माझं दुर्लक्ष झालं. खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची. कॉलेजात कोणी विचारलं तर मी म्हणायचो, "बाबा फिल्म लाइनमध्ये आहेत." ते ऐकून समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे. पुढचा प्रश्न यायच्या आत मी विषय बदलायचो.

२०२० चा लॉकडाऊन आला आणि सगळीकडची शूटिंगं थांबली. बाबा घरी बसले. मे २०२१ मध्ये स्टुडिओत आग लागली आणि 'जोधा अकबर'चा सेट जळाला. धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. मी घरूनच काम करत होतो, मीटिंग चालू होती. बाबा गच्चीवर उभे होते. खाली आले आणि आईला म्हणाले, "पीओपी जळत नाही. प्लाय जळतो." दिवसभरात एवढंच बोलले.

आता मी काय काम करतो ते सांगायला हवं. मी कर्ज देणाऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. प्रत्येक कर्जखात्यापुढे एक रकाना असतो, हप्ता चुकून किती दिवस झाले त्याचा. रोज रात्री एक प्रोग्राम चालतो आणि त्या आकड्यात एक मिळवतो. नव्वदच्या पुढे गेलं की खातं थकीत, बुडीत वर्गात. स्क्रीनवर त्याचा रंग बदलतो. तो रंग कोणता असावा यावर आमच्या टीमनं एकदा अर्धा तास चर्चा केली होती. लाल फार भडक वाटतो म्हणून शेवटी विटकरी निवडला.

जुलै २०२३ चा शेवटचा पंधरवडा आमच्या तालुक्यातलं कोणी विसरणार नाही. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे पावसात चिखल तुडवत चढत होते. सत्तावीस मृतदेह सापडले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला, सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली. गावात चूल पेटली तरी कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वाडीतली काही माणसं बाबांच्या ओळखीची होती. आठवडी बाजाराला यायची, सेटवर मजुरीलाही कधीमधी असायची.

आणि २ ऑगस्टला सकाळी बातमी आली की नितीन देसाईंनी आपल्याच स्टुडिओत आत्महत्या केली. अठ्ठावन्नावा वाढदिवस काही दिवसांवर होता.

त्यानंतर दोन दिवस सगळे आकडे फोनवर फिरत राहिले. २०१६ आणि २०१८ मध्ये मिळून घेतलेलं १८५ कोटींचं कर्ज. जानेवारी २०२० पासून थकलेले हप्ते. व्याजासकट २५२ कोटी. २५ जुलैला दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश. १ ऑगस्टला त्याविरुद्धचं अपील फेटाळलं. २ ऑगस्ट.

त्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर कोणीतरी म्हणालं, "केस स्टडी आहे यार." सगळे थोडे हसले. मीही हसलो असेन, आठवत नाही. रात्री मात्र झोप आली नाही. मी मनातल्या मनात हिशोब करत होतो. जानेवारी २०२० ते जुलै २०२३, साडेतीन वर्षं. म्हणजे माझ्या रकान्यात चार आकडी संख्या, बाराशेच्या वर. रोज रात्री एक मिळवत गेलेली. ते कर्ज आमच्या सॉफ्टवेअरवर नव्हतं, माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी मला ती संख्या दिसत होती, विटकरी रंगात.

मी हे बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "घेतलं तर द्यायला लागतंच. बँकेतही कोणाचे तरीच पैसे असतात." मग बराच वेळानं विचारलं, "साच्यांचं काय होणार?"

"कसले साचे?"

"अरे, साचे. खांबांचे, कमानींचे, जाळ्यांचे. जागेचा लिलाव झाला तर ते कुठं जाणार? भंगारवाला पण घेणार नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मला आमचा फॉर्म आठवला. तारण काय आहे, या प्रश्नाखाली मी स्वतः यादी लिहिली आहे: जमीन, इमारत, यंत्रसामग्री, सोनं, शेअर, इतर. 'इतर' निवडलं तर पुढे लिहायला एक चौकट उघडते. पन्नास अक्षरांपुरती. ती मर्यादाही मीच घातली होती.

४ ऑगस्टला अंत्यसंस्कार स्टुडिओतच झाले. आमिर खान आले होते, आशुतोष गोवारीकर आले होते. बाबा आणि गावातले आठ-दहा कारागीर सकाळी लवकर गेले. संध्याकाळी आले तेव्हा मी विचारलं, "गर्दी होती का?" म्हणाले, "होती. मागच्या बाजूला आपलीच सगळी होती."

त्या वर्षीच्या लालबागच्या राजाच्या सजावटीचं कामही देसाईंनी हाती घेतलेलं होतं. सप्टेंबरात आम्ही दर्शनाला गेलो. रांगेत कितीतरी तास उभे राहिलो. आत पोचल्यावर सगळे बाप्पाकडे बघत होते, बाबा मान वर करून मंडपाकडे. मागच्या बाईनं ढकललं, "काका, पुढे चला की!"

परतताना लोकलमध्ये मी फोन काढून 'जोधा अकबर'ची श्रेयनामावली शोधत बसलो. कला दिग्दर्शन: नितीन चंद्रकांत देसाई. बरोबरच आहे. एवढं मोठं चित्र डोक्यात धरायला एक माणूस लागतो, आणि त्यानं ते आपली जमीन गहाण टाकून धरून ठेवलं. मी पुढे स्क्रोल करत राहिलो. सहायक, ड्राफ्ट्समन, आणखी काही नावं. बाबांचं नाव नव्हतं. असणारही नव्हतं, मला माहीत होतं. तरी मी शेवटपर्यंत गेलो.

"काय शोधतोस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. म्हणाले, "आपण रोजावर होतो रे."

आता स्टुडिओ राज्य सरकारच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला आहे. पुण्यात 'प्रभात' बंद पडला, तेव्हा त्या जागेवर पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. इथे काय होईल ते बघू. गावातल्या पोरांना काम मिळावं एवढीच सगळ्यांची इच्छा आहे. बाबा आता जात नाहीत, गुडघे धरतात.

गेल्या दिवाळीपासून मी एक काम सुरू केलंय. शनिवारी घरी आलो की लॅपटॉप उघडतो, एक चित्रपट किंवा मालिकेचा भाग लावतो आणि बाबा सांगतील तिथे थांबवतो. एका शीटमध्ये लिहितो: चित्रपट, कितव्या मिनिटाला, कोणती वस्तू, कोणी केली. आधी फक्त बाबांचं काम लिहायचो. मग ते म्हणायला लागले, "हे माझं नाही, हे अमक्याचं. त्याचा हात बघ, पाकळी जरा जाड यायची त्याची." ज्यांच्या जाड पाकळीची ते आठवण काढतात त्यातले काहीजण आता नाहीत. सध्या एकशे चाळीस ओळी झाल्यात आणि त्यांत तेवीस माणसांची नावं आहेत. इथे ती देत नाही, आधी त्यांच्या घरच्यांना विचारायचंय.

या शीटमध्ये मी एकही रंग वापरलेला नाही. आणि शेवटच्या रकान्याला अक्षरमर्यादा नाही. बाबा एका खांबावर वीस मिनिटं बोलतात.

परवा त्यांनी पुन्हा तीच कमान थांबवायला लावली. मी म्हणालो, "बाबा, ही झाली लिहून. ओळ क्रमांक तीन."

"माहितीये," ते म्हणाले. "बघू दे जरा."