डावा पाय

यंदाच्या मोसमात डावा गुडघा आखडला आणि डाव्या वळणात माझा पाय हाताच्या मागे पडू लागला. स्टिक क्षणभर उशिरा हलली तर वळण उशिरा लागतं, एवढंच. रडर उशिरा आलं की वळण नासतं: ग्लायडर डावीकडे कलतंय, नाक उजवीकडे पळतंय आणि कॅनॉपीवरचा लोकरीचा दोराही उजवीकडेच लोळतोय.

एलेरॉनची ही खोड लांब पंखांच्या, सावकाश उडणाऱ्या ग्लायडरला सर्वांत जास्त. चढणाऱ्या पंखाची लिफ्ट मागे कलते, उतरणाऱ्याची पुढे, आणि नाक वळणाबाहेर ओढलं जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही शिकवणारे घोकून घेतो, हात आणि पाय बरोबर हलले पाहिजेत. माझं भांडण या नियमाशीच आहे.

राइट बंधूंनी १९०२ साली हलतं रडर पंख मुरडणाऱ्या तारांनाच जोडून टाकलं होतं. १९०५ मध्ये त्यांनी ती जोडणी सोडवली आणि रडर वैमानिकाच्या ताब्यात वेगळं दिलं. का दिलं, ते एप्रिलच्या दुपारी हडपसरवरच्या अरुंद थर्मलमध्ये कळतं. तीव्र वळण एकदा बसलं की बाहेरचा पंख मोठं वर्तुळ कापतो, वेगाने जातो, जास्त उचलला जातो. ग्लायडर आणखी आत कलू पाहतं. ते रोखायला स्टिक जराशी बाहेर धरावी लागते आणि पाय मात्र थोडा आतच ठेवावा लागतो. हात उजवीकडे, पाय डावीकडे! आणि नेमक्या याच उलट्या हातापायांनी, पाय जरा जास्त नि वेग जरा कमी, उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात माणसं स्पिनमध्ये गेली आहेत. योग्य आणि घातक यांच्यात तळपायाच्या दाबाचाच काय तो फरक. तो शिकवायचा कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

जुन्या रोहिणी ग्लायडरमध्ये गुरू-शिष्य शेजारी बसत, पाय दिसत. आता मी मागे बसतो. पेडल जोडलेली असतात, म्हणून बूट नुसते टेकवून विद्यार्थिनीचा पाय वाचतो. ती सिम्युलेटरवर शिकून आलेली. "सर, दोरा सरळ आहे ना?" असं सारखं विचारायची. अगं, दोरा घडून गेलेलं सांगतो! त्याआधी बूड सीटवर एका बाजूला सरकू पाहतं, वाऱ्याचा आवाज बदलतो. घरातल्या सिम्युलेटरची खुर्ची सरकत नाही, हेच त्याचं दुखणं. प्रवासी विमानांचे काही वैमानिकही हौसेने येतात; यॉ डॅम्पर या स्वयंचलित यंत्रणेने वर्षानुवर्षं सांभाळलेले त्यांचे पाय पेडलवर नुसते पडून असतात. मला ते बघवत नाही.

परवा थर्मलमध्ये तिचा पाय माझ्या बुटाखाली किंचित सैल झाला, दोरा हलायच्या आत. कुणी सांगितलं नव्हतं. मला आनंद झाला आणि लगेच टोचलंही. सरळ दोरा हा माझा दिमाख होता. पाहुण्यांना वर नेलं की मी मुद्दाम त्यांना त्याच्याकडे बघायला लावायचो. आता दोरा सरळ राहतो तो दुसऱ्याच्या पायाने, आणि मागे बसून मी चूक शोधत राहतो.

वळणातून बाहेर पडताना मात्र तिचा पाय अजून कमी पडतो. वेग तोच, पण पंखांवर भार जास्त. तिथे आत शिरताना लागलं त्याहून जास्त रडर लागतं. तेवढी बोलायची जागा मला अजून आहे, आणि ती मी सोडत नाही.